मफलर-टोपीचे लोकरीचे गोंडे : भरीव, गोल आणि न गळणारे

प्रश्न : नाशिकला सिडकोत आम्ही काही जणी मिळून मफलर, कानटोप्या आणि बाळंतविडे विणतो. दिवाळी झाली की ऑर्डरी सुरू होतात. विणकामाबद्दल कुणाची तक्रार नाही, पण गोंडे पातळ दिसतात, मधली गाठ उघडी पडते, एका धुण्यात धागे गळायला लागतात आणि कितीही कातरले तरी गोल होत नाहीत. एका गोंड्याला लोकर किती धरावी, आणि मफलरला ते नीट कसे लावावेत?

उत्तर : ताई, तक्रारी चार दिसत असल्या तरी त्यांच्या मुळाशी दोनच गोष्टी आहेत. फेऱ्या कमी पडतात आणि बांधणी सैल राहते. कात्रीचं काम सगळ्यात शेवटी येतं आणि तिच्याकडून फार अपेक्षा करू नये. पातळ गोंडा कातरून गोल होत नाही, तो फक्त लहान होत जातो.

गोंडा म्हणजे शेकडो धागे मधोमध एका दोऱ्याने आवळलेले. बाहेरच्या बाजूचे धागे दोऱ्याच्या थेट पकडीत असतात. जुडीच्या पोटातल्या धाग्यांना मात्र फक्त शेजारच्या धाग्यांचा दाब धरून ठेवतो. बांधणी जराशी सैल असली की आधी हे पोटातले धागे सुटतात. म्हणूनच वरून घट्ट वाटणारा गोंडाही धुतल्यावर गळतो. आणि फेऱ्या कमी असल्या की धाग्यांना उभं राहायला शेजार मिळत नाही, ते आडवे पडतात आणि मधली गाठ उघडी पडते. हे एकदा लक्षात आलं की पुढची प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते आपोआप कळतं.

आधी लोकर बघू. आपल्याकडे मेन रोड-दहीपूल भागात शिवणसाहित्याच्या दुकानांत मिळते ती बहुतेक लुधियानाकडची ॲक्रिलिक लोकर. गोंड्यासाठी ती चांगली आहे : हलकी, रंगाला पक्की, कसर न लागणारी. मध्यम जाडीची, जिचे १०० ग्रॅममध्ये साधारण २५० मीटर भरतात, ती घ्या. खाली दिलेला सगळा हिशेब त्याच जाडीचा आहे. फार घट्ट पिळाची लोकर कापल्यावर टोकांना गोल वळते, गोंडा कुरळा आणि विरळ दिसतो. अगदी सैल, एकपदरी लोकर छान फुलते, पण तिचे तंतू बोटांना लागून येतात. तीन-चार पदरांची, मध्यम पिळाची लोकर दोन्ही बाजूंनी सोयीची. शुद्ध मेरिनो मेंढीची लोकर परवडत असेल तर तिच्याइतका मऊ आणि भरीव गोंडा कशाचाच होत नाही. सुती धागा जड असतो, फुलत नाही, ओला झाला की खाली लोंबतो. ३ सेंमीपेक्षा मोठा गोंडा त्याचा करू नये. मखमली, फुगीर दिसणाऱ्या शेनील लोकरीचा मोह टाळा. तिचा मऊ भाग मधल्या बारीक दोऱ्यात नुसता अडकवलेला असतो, कापल्या ठिकाणाहून तो झडत राहतो. घोंगडीची दख्खनी लोकर भरड, पण ताठ असते. तिचे गोंडे पिशवीला किंवा उशीला शोभतात, गळ्याजवळ टोचतात.

आता चकत्या. बाजारात प्लॅस्टिकचे दोन पंखांचे साचे मिळतात आणि रोज काम करणाऱ्याने एक घ्यावाच, पण पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांनी तेवढाच चांगला गोंडा होतो. बुटांच्या खोक्याचा किंवा जुन्या फाईलचा घट्ट पुठ्ठा घ्या. पन्हाळीचा, म्हणजे मोठ्या खोक्यांचा नालीदार पुठ्ठा कडांना चेपतो आणि गोलाई बिघडवतो. आईस्क्रीमच्या डब्याचं झाकण कापलंत तर ती चकती पूर्ण हंगाम टिकते.

मापाचा नियम सोपा आहे. चकतीच्या बाहेरच्या व्यासातून मधल्या भोकाचा व्यास वजा करा, कातरून तयार झालेला गोंडा साधारण तेवढा होतो. बांधलेल्या गाभ्यामुळे अर्धा-पाऊण सेंमी वाढतो आणि कातरण्यात तेवढाच जातो. म्हणजे ६ सेंमीचा गोंडा हवा असेल तर चकती ८.५ सेंमीची आणि भोक २.५ सेंमीचं. बऱ्याच जणी ६ सेंमीच्या गोंड्यासाठी ६ सेंमीचीच चकती कापतात, हाती ४ सेंमीचा गोंडा येतो आणि मग दोष लोकरीला देतात. भोक लहान ठेवलं तर फेऱ्या मावत नाहीत. फार मोठं ठेवलं आणि भरलं नाही तर गोंडा दोन चपट्या अर्ध्यांत दुभंगतो आणि मध्ये भांग दिसतो.

दोन्ही चकत्यांना कडेपासून भोकापर्यंत एक फट पाडा, ५-६ मिलिमीटर रुंद. दोन्ही फटी एकमेकींवर आणून चकत्या जोडीने धरा. फटीतून लोकर सरळ आत सरकते, प्रत्येक फेरीला लोकरीची गुंडी भोकातून ओवायची गरज राहत नाही. फटीवर मात्र फेरी बसत नाही, म्हणून तिच्या दोन्ही काठांशी चार-पाच फेऱ्या जास्त घ्यायच्या, नाहीतर तिथे गोंड्याला टक्कल पडतं.

गुंडाळायला लागण्यापूर्वी एक सवय लावून घ्या : लोकर ओढून गुंडाळायची नाही. ॲक्रिलिक ताणलं की लांब होतं आणि सुटलं की आखडतं. ताणून गुंडाळलेला धागा कापल्याबरोबर आत जातो आणि गोंडा खड्ड्या-खड्ड्यांचा निघतो, शिवाय पुठ्ठाही वाकतो. लोकर चकतीवर नुसती टेकेल इतक्याच हाताने फिरवा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या थरात जा, मग परत या. एकाच जागी ढीग करून पुढे सरकलात तर गोंडा अंडाकृती होणार, आणि ते कात्रीने सुधारत नाही.

किती फेऱ्या? ६ सेंमीच्या गोंड्याला २५० ते २७० फेऱ्या धरा. ऐकायला जास्त वाटतात, पण भोक जवळजवळ बुजेपर्यंत गुंडाळायचं हीच खूण आहे. मध्ये पेन्सिल जेमतेम शिरेल इतकी जागा उरली की थांबा. दोन किंवा तीन गुंड्यांचे पदर एकत्र धरून गुंडाळलंत तर काम त्या पटीत लवकर होतं. मोजताना फेऱ्या तेवढ्याने गुणायच्या. ८ सेंमीच्या गोंड्याला, म्हणजे ११.५ सेंमीची चकती आणि ३.५ सेंमीचं भोक, ४५० च्या आसपास फेऱ्या लागतात. व्यास तिसऱ्या हिश्शाने वाढला तरी पृष्ठभाग पावणेदोन पटीहून जास्त होतो. नेमकं इथेच चुकतं : मोठ्या गोंड्याला अंदाजाने थोड्याच फेऱ्या वाढवल्या जातात आणि तो विरळ होतो.

लोकरीचा हिशेब यावरूनच निघतो. ८.५ च्या चकतीवर एक फेरी साधारण ६.५ सेंमीची. २६० फेऱ्यांचे झाले जवळपास १७ मीटर. वरच्या थरांची फेरी खालच्या थरांवरून जाते, म्हणून ती लांब पडते. त्यासाठी १५ टक्के धरा. म्हणजे १९-२० मीटर, वजनात ८ ग्रॅमच्या आत-बाहेर. ८ सेंमीच्या गोंड्याला १७-१८ ग्रॅम. ३ सेंमीच्या लहान गोंड्याला सव्वा ते दीड ग्रॅम. समजा २० मफलरांची ऑर्डर आहे, प्रत्येकाला दोन्ही टोकांना मिळून १० लहान गोंडे, आणि सोबत २० टोप्यांना एकेक ६ सेंमीचा. तर २०० लहान गोंड्यांना ३०० ग्रॅम, टोप्यांना १६० ग्रॅम, वर दहा टक्के चुकीला : अर्धा किलो लोकर एकदमच आणा. एकदम म्हणते ते लॉट नंबरसाठी, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीच्या खेपेच्या क्रमांकासाठी. तोच रंग, रंगाचा तोच क्रमांक, पण वेगळ्या लॉटची लोकर उन्हात ठेवली की छटेतला फरक उठून दिसतो. तुमची लोकर जाड किंवा बारीक असेल तर पहिला गोंडा करण्याआधी आणि नंतर गुंडी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला. तो आकडा कोणत्याही तक्त्यापेक्षा भरवशाचा.

आता बांधणी. सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

बांधायला तीच लोकर वापरू नका. ॲक्रिलिक लोकर जोरात आवळली की आधी ताणते आणि मग तुटते. तुटेल या भीतीने आपला हात आखडतो आणि बांधणी सैल राहते. गोधडीचा पक्का सुती दोरा, सोफ्याच्या शिलाईचा पॉलिस्टर दोरा किंवा क्रोशाचा जाड सुती दोरा घ्या, शक्यतो गोंड्याच्या रंगाचा. मेणबत्ती दोऱ्यावरून दोनदा ओढली की पहिली गाठ मागे सरकत नाही. तंगूस, म्हणजे नायलॉनचा गुळगुळीत धागा, टाळा. मजबूत असतो खरा, पण गुळगुळीत असल्याने गाठ हळूहळू सुटते. संक्रांतीच्या दिवसांत घरात मांजा पडलेला असतो आणि तो पक्का दिसतो म्हणून वापरायचा मोह होतो. काचेचा थर असलेला मांजा लोकरीचे धागे आतून कापतो, बोटंही कापतो. हातच लावू नका.

दोरा ६० ते ७० सेंमी तोडून कात्री उचलण्यापूर्वी हाताशी ठेवा. आता चकत्यांच्या बाहेरच्या कडेला दोन पुठ्ठ्यांच्या मधली फट अंगठ्याने शोधा आणि कात्रीचं एक टोकदार पातं तिच्यात घाला. कात्री पाच इंची, टोकदार आणि खरोखर धारेची हवी. बोथट कात्री धागा कापण्याऐवजी चावते आणि ओढते, आणि ओढलेला धागा मध्यातून सरकून एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड होतो. एका वेळी एक-दोन सेंमीच कापा. डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट चकतीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी दाबून धरलेलं असू द्या आणि संपूर्ण फेरी कापून होईपर्यंत तो दाब सोडू नका.

कापून झालं की चकत्या काढायच्या नाहीत. त्या दोन-तीन मिलिमीटर एकमेकींपासून दूर करा आणि मधल्या फटीतून दोरा गाभ्याभोवती फिरवा, एकदा नाही, दोनदा. पहिल्या गाठीत दोऱ्याचं टोक एकदा न घालता दोनदा घाला, म्हणजे गाठ आपल्या जागी अडून राहते आणि दुसरी गाठ मारेपर्यंत सैल पडत नाही. दोन्ही टोकं हाताला गुंडाळून हळूहळू, सारख्या जोराने ओढा. झटका देऊ नका. धागे चेपताना कळतात. थोडं थांबा, पुन्हा ओढा. दुसऱ्या ओढीला दोरा आणखी काही मिलिमीटर आत जातो, कारण जुडीतली हवा निघून धागे एकमेकांत बसलेले असतात. हीच दुसरी ओढ बहुतेकांची राहून जाते. मग वर साधी गाठ मारा, दोरा उलट बाजूला नेऊन तिथे पुन्हा दोन वेढ्यांची गाठ, आणि परत पहिल्या बाजूला येऊन शेवटची. दोन्ही टोकं किमान २० सेंमी लांब ठेवा. पुढे टोपीला किंवा मफलरला शिवायला हीच लागतात.

दुसरं कुणी शेजारी असेल तर पहिली गाठ आवळताना त्याला बोट ठेवायला सांगायची पद्धत आहे, पण दोन वेढ्यांच्या गाठीला त्याची गरज पडत नाही. उलट बोट निघताना तिथे किंचित ढील राहते.

आता चकत्या फटीतून वाकवून अलगद काढा. फाडू नका, परत लागतील. गोंडा शेपटीच्या दोऱ्याने धरून टेबलाच्या कडेवर आठ-दहा वेळा चांगला आपटा आणि तळहातांत गोल फिरवा. अडकलेले धागे मोकळे होतात, सुटे असतील ते आताच पडतात. मूठभर धागे पडले तर तो गोंडा कातरत बसू नका, बांधणी फसली आहे. जुन्या बांधणीवरूनच दुसरा दोरा फिरवून आवळून पाहा. नाही जमलं तर लोकर बाजूला काढून नव्याने करा. आता कसाबसा निभावलेला गोंडा गिऱ्हाइकाकडे पहिल्या धुण्यात गळतो.

वाफ दिली की गोंडा फुलतो आणि पातळ जागा भरल्यासारख्या दिसतात. पातेल्यात पाणी उकळून त्यावर २० सेंमी उंचीवर गोंडा दोऱ्याने टांगता धरा, फिरवत फिरवत दहा-पंधरा सेकंद. ॲक्रिलिकला याहून जास्त उष्णता सोसत नाही. इस्त्री टेकली किंवा वाफ अगदी जवळून दिली की धागा कायमचा मऊ-लुळा पडतो, चकाकतो आणि पुन्हा उभा राहत नाही. त्याला उपाय नाही. शुद्ध लोकर वाफ जास्त सोसते, मात्र ओली असताना तिला चोळू नका, धागे एकमेकांत गुंतून नमदा होतो.

वाफेनंतर पूर्ण कोरडं होऊ द्या आणि मगच कातरा. सुरुवातीला शेपटीचे दोन्ही दोरे एकत्र गुंडाळून सेफ्टी पिनेत अडकवा, कारण कातरताना चुकून दोराच कापला जाणं हा सगळ्यात नेहमीचा अपघात आहे. कात्रीचं पातं गोंड्याच्या पृष्ठभागाला समांतर ठेवा, एका वेळी तीन-चार मिलिमीटरच घ्या आणि दोन-तीन चिमटे घेतले की गोंडा फिरवा. एकाच जागी कातरत राहिलात की तिथे सपाटी येते, मग दुसरी बाजू तिच्याइतकी करावी लागते आणि गोंडा उतरत जातो. सुरुवात बांधणीच्या पट्ट्याकडून करा.  दहा गोंडे एकाच मापाचे हवे असतील तर ६ सेंमी व्यासाच्या दोन पुठ्ठ्याच्या टिकल्या कापा, गोंडा त्यांच्यामध्ये हलकेच दाबून धरा आणि कडेने फिरत कातरा. मग ९० अंशांत वळवून पुन्हा. दोन वळणांत माप बसतं. गच्च भरलेल्या झेंडूसारखा दिसला आणि दोन बोटांनी दाबून सोडल्यावर लगेच पूर्ववत झाला, की तो झाला.

रंगसंगतीबद्दल थोडंसं. पहिल्या थराचा रंग कापलेल्या कडेला, म्हणजे गोंड्याच्या कंबरेला पट्ट्यासारखा येतो आणि शेवटच्या थराचा रंग दोन्ही बाजूंच्या मध्यावर. अर्ध्या चकतीवर एक आणि अर्ध्यावर दुसरा रंग गुंडाळला की दुरंगी अर्धगोल मिळतात. ठिपक्यांची नक्षी हवी असेल तर दोन-तीन रंगांचे पदर एकत्र गुंडाळा. गडद लाल, काळा आणि निळा या रंगांची लोकर पांढऱ्याशेजारी वापरण्यापूर्वी तिचा तुकडा ओला करून पांढऱ्या सुती कापडात दाबून पाहा.

मफलरच्या कडेचे ३ सेंमीचे गोंडे चकतीवर एकेक करत बसू नका. काट्या-चमच्यातला काटा एखाद-दुसऱ्या गोंड्याला ठीक आहे : ४० फेऱ्या गुंडाळा, काट्याच्या दोन दातांमधून दोरा घालून मधोमध आवळा, काट्यावरून काढा आणि दोन्ही बाजू कापा. इथे एक हिशेब ध्यानात ठेवा. चकतीवरच्या एका फेरीचा एकच धागा होतो, काट्यावरच्या फेरीचे दोन, कारण ती दोन्हीकडे कापली जाते. म्हणून ४० फेऱ्यांचे ८० धागे मिळतात आणि ३ सेंमीला ते पुरतात.

पन्नास-शंभर गोंडे करायचे तर खुर्ची उलटी ठेवून तिच्या दोन पायांभोवती लोकर गुंडाळा, ४० फेऱ्या. पायांमधलं अंतर अर्धा मीटर असेल तर दोन्ही बाजूंचे पदर एकत्र चिमटून ८० धाग्यांची एक जाड वेणी मिळते. तिला दर ४ सेंमीवर दोऱ्याने, वर सांगितलेल्या दोन वेढ्यांच्या गाठीने आवळत जा. सगळ्या गाठी मारून झाल्या की दोन गाठींच्या बरोबर मध्ये कापा. एका खेपेला दहा-बारा गोंडे निघतात आणि सगळे एकाच मापाचे. यात दोन गोष्टी बिघडतात. गाठींमधलं अंतर डोळ्याने धरलं तर गोंडे लहान-मोठे होतात, म्हणून शेजारी शिवणाची टेप चिकटवून ठेवा. आणि लोकर पायांवर ताणून गुंडाळली तर कापल्यावर गोंडे ठरवल्यापेक्षा लहान निघतात. इथेही सैल हातच हवा.

आता लावणं. १८-२० सेंमी रुंद मफलरच्या एका टोकाला ३ सेंमीचे पाच गोंडे किंवा ५ सेंमीचे तीन बसतात. दोन टोकांचे आधी लावा, मग मधला, मग उरलेले. एका बाजूने सुरू केलं की शेवटी अंतर चुकतंच. किंवा टोकाला चुण्या घालून आवळा आणि तिथे ८ सेंमीचा एकच लावा, तरुण मुलींना तो प्रकार आवडतो. गोंडा सरळ कडेच्या टाक्याला कधीही बांधू नका. १७-१८ ग्रॅमचं वजन एका टाक्यावर लोंबलं की टाका ओढला जातो, शेजारचे आखडतात आणि कडेला भोक पडतं. साध्या सुलट विणीची कड तर आधीच वळते. आधी कडेला क्रोशाची एक ओळ घाला, साध्या खांबाची किंवा अर्ध्या खांबाची, आणि दोरा त्या ओळीच्या किमान तीन टाक्यांतून फिरवा. लोंबते गोंडे हवे असतील तर ४-५ सेंमीची क्रोशाची साखळी करून तिच्या टोकाला लावा, पण गोंड्याचा दोरा साखळीतून वरपर्यंत नेऊन मफलरच्या कडेतच गाठवा. नाहीतर गोंडा मजबूत आणि साखळी कच्ची, असं होतं.

टोपीला गोंड्याचे दोन्ही दोरे बोथट सुईने शेंड्यातून आत घ्या, दोन टाक्यांच्या अंतरावरून. आतून दीड सेंमीचं सपाट, दोन भोकांचं बटण लावून त्याच्या भोकांतून दोरे काढा आणि बटणावर गाठ मारा. ओढ पडते ती बटणावर, एका टाक्यावर नाही, आणि शेंडा आत दबत नाही. शरणपूर रोडला तिबेटी मार्केटमध्ये हिवाळ्यात टोप्या बघाल तेव्हा एखादी उलटी करून गोंडा आतून कसा धरला आहे ते पाहा, त्यातून बरंच शिकता येतं. काढता-घालता गोंडा हवा असेल तर बटण टोपीच्या आत शिवून ठेवा आणि गोंड्याच्या दोऱ्याचा फास करून तो शेंड्यातून आत घेऊन बटणात अडकवा. गडद टोपीवर पांढरा गोंडा असेल तर मी हीच पद्धत सुचवेन, दोन्ही वेगवेगळे धुता येतात.

बाळंतविड्याच्या बाबतीत मात्र मन घट्ट करा. टोपडं-कुंचीच्या शेंड्यावरचा गोंडा शोभतो, पण हनुवटीखालच्या नाड्यांच्या टोकांना गोंडे लावू नका. बाळ ते तोंडात घालतं आणि ओले झालेले धागे सुटून घशात जाऊ शकतात. लांब लोंबत्या नाड्याही नकोत. शेंड्याचा गोंडा ३-४ सेंमीचाच ठेवा, बटणावर बांधून वरून गोंड्याच्या बुडाशी चार टाके शिवा, आणि द्यायच्या आधी पूर्ण हाताच्या जोराने ओढून बघा. धागे हातात आले तर तो गोंडा बाळाच्या टोपीसाठी नाही. मोज्यांच्या आतली दोऱ्याची टोकंही शिवून टाका. मोकळं टोक बाळाच्या बोटाभोवती गुंडाळलं जातं आणि रक्त अडतं. गिऱ्हाईक अधिक गोंडे मागत असलं तरी हे समजावून सांगा, बहुतेक जणी लगेच ऐकतात.

धुण्याच्या सूचनांची चिठ्ठी प्रत्येक नगासोबत द्या. कोमट पाणी, ईझीसारखा लोकरीचा पातळ साबण, दहा मिनिटं बुडवून हलक्या हाताने दाबायचं, चोळायचं नाही, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं आणि सावलीत आडवं वाळवायचं. दोरीवर टांगलं तर ओला गोंडा मफलरला खाली ओढतो. पूर्ण वाळल्यावर तो शेपटाजवळ धरून झटकला की पुन्हा उभा राहतो. नाशिकच्या डिसेंबरच्या कोरड्या हवेतसुद्धा मोठ्या गोंड्याचा गाभा वरच्या भागापेक्षा बराच उशिरा वाळतो, बोट आत घालून ओल बघूनच घडी करा. पावसाळ्यात ही ओल राहिली की वास धरतो.

पाठवायचे नग पिशवीत कोंबले तर गोंडे चपटे होतात, पण बांधणी पक्की असेल तर त्याची काळजी नको. पोहोचल्यावर पातेल्यावर दहा सेकंद वाफ आणि दोन झटके द्यायचे, हेही चिठ्ठीत लिहा. कातरलेली लोकर फेकू नका, गाठ मारलेल्या पिशवीत साठवून लहान उश्या आणि खेळणी भरायला वापरा. अंगणात किंवा गच्चीवर मात्र टाकू नका, पक्ष्यांच्या पायांत ती अडकते.